एनक्लेक्सला दुसऱ्यांदा बसताना

आपल्याकडे नापास होण्यालाही आकडा असतो. मेडिसिनला ४१ पडले, सर्जरीला ग्रेसचे दोन कमी पडले, हे आजूबाजूच्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. एनक्लेक्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या नर्सिंगच्या परीक्षेचा, निकाल येतो तेव्हा असा कुठलाच आकडा हाती लागत नाही. ‘फेल’ हा एक शब्द, आणि सोबत एक कागद. त्यावर आठ विषयांची नावं आणि प्रत्येकापुढे फक्त शेरा. मला तो कागद मिळाला तेव्हा मी तो धड वाचलासुद्धा नाही. फाइलमध्ये सरकवला आणि दुसऱ्या दिवसापासून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सहा आठवडे त्यात गेले आणि हाती काही लागलं नाही. का लागलं नाही, ते कळायला आधी ही परीक्षा मोजते काय ते समजून घ्यावं लागलं.

एनक्लेक्स-आरएन म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करायला लागणारी लायसन्स परीक्षा. ती तिथल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची राष्ट्रीय परिषद, म्हणजे एनसीएसबीएन, तयार करते. केंद्रं पिअर्सन व्ह्यू ही कंपनी चालवते आणि आपल्याकडच्या मुली बहुतेक करून मुंबईत बसून ती देतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दहा वर्षांचा आयसीयूचा अनुभव, सगळं असलं तरी ही परीक्षा चुकत नाही. आणि एकदा नापास होणं अजिबात दुर्मीळ नाही. अमेरिकेतच शिकून पहिल्यांदा बसलेल्यांपैकी २०२३ साली साधारण ८८ टक्के पास झाले. बाहेरच्या देशांत शिकून आलेल्यांचं प्रमाण त्याहून खूप खाली असतं. तिथल्या मुली कॉलेजात पहिल्या वर्षापासून याच पद्धतीचे प्रश्न सोडवतात. आपण नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या पेपरात ‘मायोकार्डियल इन्फार्क्शनचे नर्सिंग मॅनेजमेंट सविस्तर लिहा’ यावर चार पानं भरून आलेलो असतो.

तराजू

एनक्लेक्समध्ये टक्के नसतात, हे ऐकून सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा अर्थ काय, हे फार थोड्या जणी सांगू शकतात. मलाही नव्हतं सांगता येत.

भाजीवाल्याचा जुना तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात भोपळा ठेवलाय, वजन माहीत नाही. तो आधी एक किलोचं वजन टाकतो. भोपळ्याचं पारडं खालीच राहिलं, तर दोन किलोचं टाकतो. आता वजनाचं पारडं खाली गेलं, तर ते काढून दीड किलो. असं करत करत तो भोपळ्याच्या खऱ्या वजनापाशी येतो. एनक्लेक्सचं सॉफ्टवेअर तुम्हाला असंच तोलतं. तुम्ही एक प्रश्न बरोबर सोडवला की पुढचा थोडा अवघड, चुकला की थोडा सोपा. १९९४ पासून ही परीक्षा अशी संगणकावर, प्रत्येकीला वेगळी होते. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, ते याच कारणाने. पुढचं वजन आधीच्या उत्तरावर ठरतं.

याचा परिणाम असा होतो की पास होणारी असो वा नापास होणारी, दोघींचेही साधारण अर्धे प्रश्न चुकतात. हे एकदा पुन्हा वाचा. हुशार मुलीला यंत्र तिच्या तोडीचे अवघड प्रश्न देत राहतं, त्यामुळे तिचेही चुकतात. फरक कुठल्या पातळीच्या प्रश्नांवर अर्धे चुकतात, त्यात असतो. एनसीएसबीएनने त्या पातळीची एक रेघ आखून ठेवलेली आहे. तिला ते लॉजिट नावाच्या मापात ०.०० म्हणतात. त्या रेघेच्या वर तुम्ही ‘नक्की’ आहात, असं यंत्राला पटलं की पास.

‘नक्की’ कधी पटतं, याचे तीन नियम आहेत. पहिला ९५ टक्के खात्रीचा. किमान ८५ प्रश्न झाले की यंत्र प्रत्येक उत्तरानंतर पाहतं, की ही मुलगी रेघेच्या वर किंवा खाली असल्याची ९५ टक्के खात्री झाली का? झाली की स्क्रीन बंद. पारडं इतकं स्पष्ट कललं की आणखी वजनं टाकायची गरज उरत नाही. दुसरा नियम १५० प्रश्नांचा. तिथपर्यंत खात्री झालीच नाही, तर खात्रीचा आग्रह सोडून शेवटचा अंदाज रेघेच्या वर आहे की खाली एवढंच बघतात. तिसरा वेळेचा. पाच तास संपले आणि ८५ प्रश्नही झाले नसतील तर थेट नापास. ८५ झाले असतील तर तोवरच्या सगळ्या उत्तरांवरून अंदाज काढतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. ‘माझं पंच्याऐंशीलाच बंद झालं, म्हणजे पास’ ही हॉस्टेलमधली समजूत चुकीची आहे; ८५ ला बंद झालं म्हणजे निर्णय लवकर झाला, कुठल्या बाजूने ते त्यातून कळत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या तयारीची आहे. ८५ ला नापास झालेली आणि १५० ला नापास झालेली, या दोघींचा आजार एक नाही. पहिलीचं पारडं स्पष्ट खाली होतं, तिचा पाया कुठेतरी कच्चा आहे आणि तिला विषय वाचावेच लागतील. दुसरी रेघेला चिकटून उभी होती. तिने पुन्हा पहिल्या पानापासून वाचणं म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला अख्खं प्लास्टर घालणं. मी १५० वाली होते.

आणखी एक. प्रत्येकीच्या पेपरात १५ प्रश्न असे असतात ज्यांचे गुण धरतच नाहीत. पुढच्या परीक्षांसाठी ते तपासून बघत असतात. कुठले ते कळत नाही. तेव्हा मधेच एखादा जगावेगळा प्रश्न आला तर घाम पुसा आणि पुढे जा.

तो कागद

त्याला कँडिडेट परफॉर्मन्स रिपोर्ट म्हणतात, तोंडी सीपीआर. बंद पडलेलं हृदय चालू करायच्या वॉर्डातल्या सीपीआरशी नाव जुळतं, यावर आमच्या ग्रुपमध्ये बरेच विनोद झाले. नापास झालेल्यांनाच तो मिळतो. तुम्ही किती प्रश्न सोडवले ते त्यावर असतं, आणि आठ विषयांपुढे ‘पासिंग स्टँडर्डच्या वर’, ‘जवळ’ किंवा ‘खाली’ असा शेरा.

वाचताना दोन चुका होतात. एक म्हणजे ‘जवळ’ला बरं समजणं. आठही ठिकाणी ‘जवळ’ असलेल्या मुली नापास होतात. ‘जवळ’ म्हणजे ‘अजून वर नाही’. दुसरी चूक एखाद्या शेऱ्यावर नको इतका विश्वास ठेवण्याची. सायकोसोशल इंटेग्रिटी, म्हणजे पेशंटच्या मनाची बाजू, हा भाग ६ ते १२ टक्के असतो. ८५ प्रश्नांच्या पेपरात गुण धरलेले ७०, म्हणजे हा शेरा चार ते आठ प्रश्नांवरून आलेला आहे. त्यात दोन नशिबाने बरोबर आले असतील, तर ‘वर’ दिसेल. म्हणून शेऱ्याला वजनाची जोड द्या. सगळ्यात मोठा भाग मॅनेजमेंट ऑफ केअर, म्हणजे कामं कुणाला द्यायची, कुणाकडे आधी जायचं हे ठरवणं, १५ ते २१ टक्के. मग औषधं आणि सलाइनचा, १३ ते १९. त्यानंतर फिजिऑलॉजिकल अडॅप्टेशन, म्हणजे आजारी शरीराची देखभाल, ११ ते १७, आणि सुरक्षा व इन्फेक्शन कंट्रोल, १० ते १६. मोठ्या भागात ‘खाली’ असेल तर तिथे आधी हात घाला. हे टक्के ज्या टेस्ट प्लॅनमध्ये छापलेले असतात तो एनसीएसबीएन फुकट देते, आणि तीन वर्षांनी तो बदलतो. बसण्याआधी ताजा बघून घ्या.

माझ्या कागदावर फार्माकॉलॉजी ‘वर’ होती. मी बारा वर्षं इंजेक्शनं देतेय, त्यात नवल नाही. ‘खाली’ होतं मॅनेजमेंट ऑफ केअर. मला राग आला. वॉर्ड मॅनेज करण्यातच तर माझी हयात गेली!

आपला वॉर्ड आणि त्यांचा वॉर्ड

इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडच्या अनुभवी नर्सेस नापास होण्याचं कारण माझ्या मते इथेच आहे. नवख्या मुलीपेक्षा आम्ही जास्त चुकतो, कारण आम्हाला वॉर्ड माहीत असतो. पण परीक्षेतला वॉर्ड वेगळाच असतो. तिथे स्टाफ पुरेसा असतो, सामान हाताशी असतं, पेशंटजवळ नातेवाईक बसलेले नसतात आणि तुमच्यापुढे त्या क्षणी फक्त तो एक पेशंट असतो. ‘असं कुठे असतं?’ असं मनात आलं की समजा, तुम्ही चुकीचं उत्तर निवडायला निघालात.

कामं वाटून देण्याचे प्रश्न घ्या. आपल्याकडे बेडपॅन, अंग पुसणं, भरवणं हे मावशी करतात किंवा नातेवाईक. मावशींना काय सांगायचं हा विचार आपण कधी नियम म्हणून करत नाही; हात मोकळा असेल त्याला सांगतो. तिथे तीन पातळ्या असतात: आरएन, तिच्या खाली एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स), आणि त्याखाली लायसन्स नसलेली मदतनीस. मदतनिसाला अंघोळ, चालवणं, इनटेक-आउटपुट मोजणं, स्थिर पेशंटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) घेणं अशी कामं देता येतात. एलपीएनकडे स्थिर पेशंट, ज्याचं पुढे काय होणार ते ठरलेलं आहे. आरएनने स्वतःकडे ठेवायचं ते पहिलं असेसमेंट, पेशंटला शिकवणं, परिणाम तपासणं आणि ज्याची तब्येत कधीही फिरू शकते असा पेशंट. ‘भरवणं’ हे काम मदतनिसाचं, पण कालच स्ट्रोक झालेल्याला पहिल्यांदा भरवणं तिचं नाही, कारण गिळता येतं का ते आधी तपासायला हवं.

मग ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय. आम्ही शिकलो त्या वातावरणात तो कधी चुकीचा नसायचा. कळवलं की आपण सुटलो. परीक्षेत नेमकं उलटं. रक्त चालू केल्यावर दहा मिनिटांत पेशंटला थंडी, ताप, कमरेत दुखणं सुरू झालं. पर्यायांत ‘कळवा’ आहे आणि ‘रक्त थांबवा’ही आहे. प्रत्यक्षात आपण धावत जाऊन रक्तच थांबवू, पण परीक्षेत बसल्यावर हात ‘कळवा’कडे जातो. आधी थांबवा, नवीन ट्यूबिंगने नॉर्मल सलाइनवर लाइन चालू ठेवा, मग कळवा. माझा नियम असा झाला: नर्सने स्वतः करायचं काही शिल्लक असेल तर आधी ते. शिल्लक काहीच नसेल, तर ‘कळवा’ बरोबर असू शकतं.

आता कुणाकडे आधी जायचं. चार पेशंट: ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी सात सांगणारा, सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९०, डायबेटिक, साखर २१०, आणि सकाळी थायरॉइड काढलेली बाई, श्वास घेताना घरघर ऐकू येतेय. मी पहिल्या खेपेला अशा प्रश्नात सीओपीडीवर बोट ठेवलं असतं, ९० आकडा डोळ्यांत भरतो म्हणून. पण सीओपीडीत ९० अपेक्षितच आहे. ऑपरेशननंतर दुखणं अपेक्षित आहे. थायरॉइडनंतर घरघर अपेक्षित नाही, आणि ती श्वासनलिकेची आहे. ‘एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन’ सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधी एक गाळणी लावायची, की या आजारात हे होणारच होतं का? ही गाळणी लागली आणि माझे निम्मे अडकणारे प्रश्न सुटले.

हात बांधण्याचं तेच. रात्रपाळीत म्हातारा पेशंट सलाइन ओढतोय, दोन सिस्टर आणि चाळीस बेड. गॉजच्या रोलने हात कठड्याला बांधतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. परीक्षेत बांधणं हा शेवटचा उपाय. आधी बेड नर्सिंग स्टेशनजवळ आणा, लघवी लागली आहे का बघा, कुणाला जवळ बसवा. बांधलंच तर डॉक्टरांची ऑर्डर हवी, गाठ झटकन सुटणारी हवी, आणि ती बेडच्या चौकटीला. वर-खाली होणाऱ्या कठड्याला कधीच नाही.

बोलण्याचे प्रश्न मला सगळ्यात जड गेले. ‘सिस्टर, मी यातून उठेन ना?’ यावर आपलं उत्तर ठरलेलं: ‘काही होत नाही आजी, बऱ्या होऊन घरी जाल.’ त्यात माया आहे, आणि मी आजही वॉर्डात तेच म्हणते. एनक्लेक्स त्याला खोटा दिलासा म्हणतं आणि चूक धरतं. त्यांना हवं असतं ‘तुम्हाला कशाची काळजी वाटतेय, सांगा’ असं, पेशंटला बोलतं करणारं वाक्य. ‘का’ ने सुरू होणारा प्रश्न नको, स्वतःचं मत नको, विषय बदलणं नको. तसंच, रिपोर्ट आधी मुलाला सांगायचा आणि आजोबांना नंतर, किंवा सांगायचाच नाही, ही आपली रीत. तिथे सज्ञान पेशंटच्या परवानगीशिवाय मुलीलाही काही सांगता येत नाही.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. औषधांची नावं जेनेरिक आणि अमेरिकन: पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन, पेथिडिनला मेपेरिडिन, ग्लायबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड. वजन पाउंडात येऊ शकतं, २.२ ने भागायचं. टीबीची बीसीजी लस त्यांच्या बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात नाही, म्हणून टीबीच्या त्वचा चाचणीचे प्रश्न आपल्याला उलटे वाटतात. पोटॅशियम ३.५ ते ५, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनवर आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) बहुतेकदा २ ते ३, असे वीस-पंचवीस आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. तिथे घोकंपट्टीला पर्याय नाही.

नवीन पद्धतीचे प्रश्न

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. त्याआधी तयारी केलेल्या मैत्रिणीच्या नोट्स घेऊन बसलेल्यांना याचा फटका बसतो. आता प्रत्येकीला तीन केस स्टडी येतात, प्रत्येकीत सहा प्रश्न. एकाच पेशंटची फाइल उघडते, नर्सेस नोट्स, लॅब, ऑर्डर्स, आणि प्रश्नागणिक वेळ पुढे सरकते.

सहा प्रश्न म्हणजे विचाराच्या सहा पायऱ्या. बाळंतपणानंतर दोन तासांनी बाईचं पॅड पंधरा मिनिटांत भिजलंय, नाडी ११८, बीपी ९०/५६, गर्भाशय मऊ आणि उजवीकडे सरकलेलं, सकाळी दिलेलं जेवण अर्धंच खाल्लेलं. पहिली पायरी: यातलं महत्त्वाचं काय? जेवण सोडून द्या. दुसरी: याचा अर्थ काय? रक्तस्राव, आणि गर्भाशय उजवीकडे म्हणजे मूत्राशय भरलेलं असावं. तिसरी: सगळ्यात धोक्याचं काय? चौथी: काय काय करता येईल? पाचवी: आधी काय करणार? गर्भाशयाला मसाज, मूत्राशय रिकामं करणं. सहावी: उपयोग झाला हे कशावरून? गर्भाशय घट्ट झालं, पॅड भिजायचं कमी झालं, नाडी उतरली. कुठलीही चांगली सिस्टर हे रोज करते. फक्त एका झटक्यात करते, आणि परीक्षा प्रत्येक पायरीवर थांबवून विचारते. सराव या थांबण्याचा करायचा. मी ड्यूटीवरून बसने घरी येताना त्या दिवशीचा एक पेशंट निवडून मनात सहा पायऱ्या चालून जायची. पुस्तकापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

‘लागू असतील ते सगळे निवडा’ या प्रश्नांची भीती मात्र आता थोडी कमी करा. पूर्वी एक चुकलं की सगळं शून्य. आता अंशतः गुण मिळतात: बरोबर निवडलेल्याला एक अधिक, चुकीच्याला एक वजा, शून्याखाली जात नाही. पाचपैकी तीन बरोबर असतील आणि तुम्ही ते तीन व एक चुकीचा निवडला, तर तीनपैकी दोन गुण. सगळे पाच निवडले, तर तीन वजा दोन, एक. म्हणून ‘वाटतंय, टाकू का?’ असा पर्याय टाकू नका. प्रत्येक पर्यायाला एकेकटं विचारा: हे खरं आहे की नाही?

चुकांची वही

यूवर्ल्ड, आर्चर यांसारख्या प्रश्नपेढ्या सगळ्याच घेतात. एक पुरे. दिवसाला दोनशे प्रश्न सोडवल्याचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांकडे बघू नका. मी दुसऱ्या खेपेला सुट्टीच्या दिवशी ७५ आणि ड्यूटीच्या दिवशी २५ ते ३० सोडवायची. नाइटच्या आठवड्यात कधी दहाच. पण सोडवायला जेवढा वेळ लागे, त्याच्या दुप्पट वेळ उत्तरं वाचण्यात. बरोबर आलेल्यांचीसुद्धा. चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर सगळ्यात घातक.

आणि एक वही. दोनशे पानी, साधी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट लिहायची, का चुकला. माझी चार कारणं ठरली होती. ‘माहीतच नव्हतं.’ ‘माहीत होतं, पण प्रश्न नीट वाचला नाही.’ ‘दोन पर्यायांत अडकले आणि चुकीचा धरला.’ ‘बरोबर निवडलं होतं, मग बदललं.’ तीन आठवड्यांनी मोजलं तर पहिलं कारण पाचातल्या एका प्रश्नाला होतं. उरलेले सगळे वाचण्याचे आणि ठरवण्याचे. तेव्हा मला कळलं की मी सहा आठवडे पुस्तक वाचून कशावर औषध देत होते.

कारणागणिक इलाज वेगळा. माहीत नसेल तर तेवढाच विषय, एका पानात, स्वतःच्या शब्दांत. मराठीत लिहिलं तरी चालतं, मी तसंच लिहिलं. नीट वाचलं नसेल तर प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायची सवय. ‘कुठल्या वाक्यावरून पेशंटला आणखी शिकवायची गरज दिसते’ असं विचारलं असेल तर चुकीचं विधान शोधायचं असतं, आणि दमल्यावर ते हमखास निसटतं. दोनात अडकत असाल तर दोन्ही पर्याय मनात करून बघा: हा निवडून मी खोलीतून बाहेर गेले, तर पेशंटचं काय होईल? उत्तर बदलण्याची सवय असेल, तर नियम करा की नवीन माहिती दिसली तरच बदलायचं, भीती वाटली म्हणून नाही.

बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. आपलं मेडिकल इंग्रजी चांगलं असतं, अडतं ते साध्या इंग्रजीवर. पेशंट ‘रेस्टलेस’ आहे म्हणजे ऑक्सिजन कमी पडत असल्याची पहिली खूण असू शकते. ‘लेथार्जिक’ आणि ‘ड्राउझी’ यांत फरक आहे. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानांवर. पाच तासांत १५० प्रश्न म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटं. मनात भाषांतर करत बसलात तर ती पुरत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग ८५ प्रश्न. शेवटच्या महिन्यात दोनदा पूर्ण १५०. पहिल्या खेपेला शंभराव्या प्रश्नानंतर मी नुसती क्लिक करत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. तिथे मोजलेला अंदाज घसरत गेला असणार.

कागदपत्रं, पैसे, तारखा

दोन परीक्षांमध्ये एनसीएसबीएनच्या नियमाने किमान ४५ दिवस जावे लागतात आणि वर्षात जास्तीत जास्त आठ वेळा बसता येतं. पण प्रत्येक राज्याचं बोर्ड आपले नियम वर लावतं. फ्लोरिडात तीनदा नापास झालं की बोर्डाने मान्य केलेला उजळणी कोर्स करावाच लागतो. तुमचा अर्ज ज्या राज्यातून आहे त्याच्या साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर राहू नका. ४५ दिवस हा किमान आकडा आहे, मुहूर्त नाही. नोकरी सांभाळून करणारीला अडीच-तीन महिने धरणं बरं.

पुन्हा बोर्डाकडे अर्ज, पुन्हा २०० डॉलर नोंदणी, भारतातलं केंद्र हवं तर वर १५० डॉलर आणि कर. तीस हजारांहून जास्त रुपये, बोर्डाची फी सोडून. मग परवानगीचं पत्र, म्हणजे एटीटी, नव्याने येतं. त्याची मुदत बहुधा ९० दिवसांच्या आसपास असते. तेवढ्यात परीक्षा दिली नाही तर पैसे गेले.

लग्न झालेल्यांनी एक तपासाच. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं, सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि मधे वडिलांचं की नवऱ्याचं नाव यात गोंधळ. एटीटीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. दारातून परत पाठवलेली एक सिस्टर मला माहीत आहे, ती नापास झाली नव्हती आणि पासही.

टेलिग्रामवर ‘रिकॉल’ म्हणून आठवून लिहिलेले प्रश्न विकतात, ‘पास गॅरंटी’ही विकतात. प्रश्नांचा साठा प्रचंड आहे आणि परीक्षेआधी तुम्ही गुप्ततेच्या अटी मान्य करता. त्या मोडल्या तर निकाल रद्द होऊ शकतो. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडात नर्सिंगच्या साडेसात हजारांहून जास्त बनावट पदव्या विकल्याचं प्रकरण उघड झालं. तेव्हापासून अर्जदारांच्या कागदांकडे बोर्डं जास्तच बारकाईने बघतात.

परीक्षेच्या दिवशी तळहाताचं स्कॅनिंग होतं, सामान लॉकरमध्ये, लिहायला पुसता येणारी पाटी. दोन तासांनी आणि मग साडेतीन तासांनी विश्रांती विचारतात. ती पाच तासांतूनच जाते, म्हणून पहिल्या खेपेला मी घेतली नाही. दुसऱ्या खेपेला दोन्ही घेतल्या. तोंडावर पाणी मारलं, केळं खाल्लं.

८५ वा प्रश्न झाला आणि ८६ वा आला. पहिल्यांदा याच जागी माझे हातपाय गार पडले होते. या वेळी एवढंच मनात आलं की तराजू अजून हलतोय. स्क्रीन १२३ व्या प्रश्नाला बंद झाली. तो प्रश्न कशावर होता ते सांगायची परवानगी नाही, आणि खरं सांगायचं तर आठवतही नाही.